वऱ्हाडाला घरं किती?

"श्रीखंडाले चार घरं काऊन देऊन राह्यलं हे?"

निर्मला आत्याने लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट टेकवलं होतं. मी वाकून पाहिलं. पहिल्या घरात एकटाच "श्", दुसऱ्यात "री", मग "खं" आणि शेवटी "ड". श्रीखंडाचे चार तुकडे.

"श्री एक अक्षर हाय का दोन?" आत्याने विचारलं. तिने अमडापूरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. तिने असा प्रश्न विचारला की आजही माझी पाठ ताठ होते.

"एक."

"मंग?"

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

आत्या दर रविवारी शब्दकोडं काढते. आधी झेरॉक्स काढून वाटायची. मग मी तिला एक वेब पान करून दिलं. तिने शब्द टाइप करायचे, पानाने त्यांची अक्षरं सुटी करून घरांत बसवायची. मराठी शब्दकोड्याचा नियम सगळ्यांना माहीत आहे: एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. तोवर आत्याने साधी कोडी टाकली होती, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. श्रीखंड आलं आणि भांडं फुटलं.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला शब्दकोडं स्पर्धा असते आणि ती सुरुवातीपासून आत्याची आहे. यंदा कागद बंद, अंतिम फेरी मोठ्या स्क्रीनवर, असं तिने बैठकीत भांडून मंजूर करून घेतलं होतं. वाचनालयाचे सचिव गवई सर म्हणाले होते, "कागदाले अपडेट येत नाई, बाई." यावर आत्या ताडकन उठली आणि म्हणाली, "स्क्रीनवरचं कोडं फसलं तर पुढच्या साली स्पर्धा तुमी चालवा. मी येऊन खुर्चीवर बसीन." आत्या बोलली की बोलली. म्हणजे पानाने दगा दिला असता तर तिची स्पर्धा तिच्या हातून गेली असती.

"मंग तू सांग ना त्या ब्राउझरले," ती म्हणाली. "तू त्याचंच काम करते ना?"

हे मात्र खरं होतं. मी चिखलीत घरी बसून ब्राउझर इंजिनाचं काम करते. तुम्ही ज्यात वेबसाइट उघडता तो ब्राउझर. त्याच्या आत बसून पानाचा कोड वाचणारं आणि पडद्यावर चित्र उमटवणारं ते इंजिन. आमचं इंजिन ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. इंजिन सगळ्यांचं, माझा पगार मात्र एका कंपनीचा. चिखलीत मी काय करते हे सांगायचा मी फार पूर्वी नाद सोडला. शेजारचे लोक मला "कम्प्युटरवाली" म्हणतात आणि प्रिंटर बिघडला की बोलावतात.

आता खरं सांगायचं तर आत्याच्या पानात पाच मिनिटांची डागडुजी पुरली असती. ज्या तुकड्याच्या शेवटी हलन्त, म्हणजे पाय मोडलेलं अक्षर, तो तुकडा पुढच्याला चिकटवायचा. संपलं काम. पण आमच्या धंद्यात याला हलकं समजतात. एका पानात ठिगळ लावलं तर ते एकच पान सुधारतं. इंजिनात दुरुस्त केलं तर मराठीतलं, हिंदीतलं, नेपाळीतलं प्रत्येक पान सुधारतं. श्रीचे असे तुकडे पडणं हा मला तर अन्याय वाटला आणि मी पेटले.

"आत्या, मी मुळातूनच दुरुस्त करते," मी म्हणाले.

"किती दिवस लागतीन?"

"लागतील थोडे."

माझी रिव्ह्यूअर हाना. दुरुस्ती पाठवली की आधी रिव्ह्यूअर तपासतो, मगच ती इंजिनात जाते. हाना बर्फाळ देशात राहते आणि तिच्या कॉमेंट्सही तशाच असतात. मी उत्साहाने लिहिलं: श्री हे एकच अक्षर आहे, इथे कुणालाही विचारा.

तिचं उत्तर आलं: "'इथे कुणालाही' हा कोणत्या स्टँडर्डमधला कितवा नियम?"

इथे थोडं समजावून सांगते. जावास्क्रिप्ट ही वेब पानांची भाषा. तिचं एक स्टँडर्ड असतं, म्हणजे एक मोठा दस्तऐवज. कुठल्या आज्ञेने काय व्हायला हवं ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. इंजिनं वेगवेगळ्या गटांनी बनवलेली आहेत, पण सगळ्यांनी त्या एकाच दस्तऐवजाप्रमाणे वागायचं. नाहीतर एकच पान एका ब्राउझरमध्ये शहाणं आणि दुसऱ्यात खुळं. त्यामुळे आम्हा लोकांना स्वतःची मतं असली तरी ती खिशात ठेवावी लागतात. स्टँडर्ड चुकीचं वाटलं तर आधी तिथे जाऊन भांडायचं, इंजिनात परस्पर शहाणपणा करायचा नाही.

मी स्टँडर्ड उघडलं. शब्दाची अक्षरं सुटी करणाऱ्या आज्ञेबद्दल त्यात लिहिलं होतं, की अक्षर कुठे तुटतं ते अक्षरांच्या मानकात पाहा. जगातल्या सगळ्या लिप्यांचे नियम ठरवणारं ते वेगळं मानक. तिथे गेले तर काय! नव्या आवृत्तीत नियम आलेलाच होता: देवनागरीत हलन्ताने जोडलेली व्यंजनं तोडू नयेत. कुणीतरी आधीच भांडून ठेवलं होतं. आमचं इंजिन जुन्याच नियमाने चाललं होतं, इतकंच. मी खुर्चीवरून उडायचीच बाकी होते.

हानाला नियमाचा क्रमांक पाठवला. ती म्हणाली, "उत्तम. आता टेस्ट."

टेस्ट म्हणजे छोटासा प्रश्न आणि त्याचं बरोबर उत्तर. सगळ्या ब्राउझरांची मिळून एक सामायिक प्रश्नपत्रिका असते आणि ती प्रत्येक इंजिनाला पुन्हा पुन्हा सोडवावी लागते. मी तिच्यात प्रश्न टाकला: "वऱ्हाड" या शब्दाची अक्षरं किती? उत्तर: तीन. व, ऱ्हा, ड. तो अर्धा र आमच्या इंजिनात वेगळा पडून अक्षरं चार व्हायची. उदाहरणाला दुसरे शब्दही होते, पण आपल्या मुलखाचं नाव जगाच्या प्रश्नपत्रिकेत घालायची संधी कोण सोडेल?

मग हानाने विचारलं, बॅकस्पेस दाबल्यावर अख्खा "ऱ्हा" पुसला जाणार का? टाइप करणाऱ्यांना ते आवडणार नाही. मी तपासलं, बॅकस्पेसचा कोड वेगळा निघाला. मग तिने विचारलं, बाकीच्या इंजिनवाल्यांचं मत काय? एकाने नवा नियम आधीच घेतला होता, दुसरे "बघतो" म्हणाले आणि बरेच दिवस बघत राहिले.

या काळात आत्याचा फोन.

"झालं का?"

"दुसऱ्या ब्राउझरवाल्यांचं मत घेणं चालू आहे."

"आपल्या श्रीले त्यायचं मत काऊन पायजे?"

"आत्या, तशी पद्धत आहे."

"बरं माय. घे मत."

त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, आत्याला पद्धत पटली.

शेवटी हानाचा शेवटचा प्रश्न आला, जो आमच्याकडे सगळ्यांत महत्त्वाचा मानतात: यामुळे कुठलं चालू पान मोडेल का? वेबचा एक अलिखित नियम आहे. जुनं चुकीचं असलं तरी लोक त्याच्या भरवशावर काहीतरी बांधून बसलेले असतात. मग दुरुस्तीच त्यांच्यासाठी मोडतोड ठरते. मी बरंच शोधलं, कुणाचं काही मोडेल असं दिसलं नाही. तसं लिहिलं. दुरुस्ती मंजूर झाली, इंजिनात गेली, यथावकाश ब्राउझरच्या अपडेटमधून जगभर पोचली. मी शेगावची कचोरी मागवून एकटीने खाल्ली. फार आनंद झाला होता.

स्पर्धा रविवारी होती. गुरुवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"काय केलं वं तू माह्या कोड्याचं?"

"दुरुस्त झालं ना आत्या! श्री आता एका घरात!"

"आता कोनं सांगतलं होतं तुले?"

मी स्कूटर काढली आणि अमडापूर गाठलं. वाचनालयाच्या कम्प्युटरवर अंतिम फेरीचं कोडं उघडलेलं होतं आणि त्यात जागोजाग भोकं पडली होती. उभे शब्द आडव्या शब्दांना भेटतच नव्हते. गवई सर शेजारी उभे होते. त्यांनी नुसतं कपाटातल्या कोऱ्या कागदांच्या रिमकडे पाहिलं.

मग सगळा उलगडा झाला. आत्याने माझी वाट पाहिलीच नव्हती. दोन रविवार थांबली आणि मग तिने नियमच बदलला: अर्ध्या अक्षराला वेगळं घर. सोडवणाऱ्यांना तो भलताच आवडला. अर्ध्या अक्षराच्या घरावर दोन शब्द एकमेकांना छेदायला लागले. आडवा "वऱ्हाड", उभा "दऱ्या", आणि दोघांच्या मध्ये एकच अर्धा र. असली कोडी तिने आजवर काढली नव्हती. आता माझ्या दुरुस्तीने एका घरात "ऱ्हा" मागितला आणि त्याच घरात "ऱ्या". त्या दोघांचं जमणं शक्य नव्हतं.

"मले वाटलं कम्प्युटरचा हाच कायदा हाय," आत्या म्हणाली. "मी त्या कायद्यानं कोडं बांधलं. तू कायदाच पलटवला." तिचा आवाज जरा बसला होता. "रविवारी मी काय दाखवू लोकायले?"

मला फार वाईट वाटलं. साऱ्या जगाला विचारून झालं होतं. फक्त जिच्यासाठी हे सुरू केलं, तिलाच पुन्हा विचारायचं राहिलं होतं.

मी तिथूनच हानाला फोन लावला.

"एक पान मोडलं," मी म्हणाले.

"अभिनंदन. एकाच पानासाठी आपण मागे घेणार नाही, स्टँडर्ड आपल्या बाजूने आहे. पान कुणाचं आहे? त्यांच्याशी नीट बोल."

"माझ्या आत्याचं."

"मग अवघड आहे," हाना म्हणाली.

उपाय मात्र समोरच होता. आत्याचा नियम हा तिच्या खेळाचा नियम होता, ब्राउझरचा नव्हे. म्हणजे तो पानातच लिहायला हवा. मी तिथल्याच खुर्चीवर बसले आणि पानाला सांगितलं, की ब्राउझर काहीही म्हणो, हलन्त दिसला की त्याच्या पुढे तोड. जी पाच मिनिटांची डागडुजी तत्त्वापायी केली नव्हती, तीच मी उलटी करून लावत होते. आत्या मागे उभी राहून पाहत होती.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मंग आधी काऊन नाई केलं?"

स्टँडर्डचं नाव न काढता मी पान पुन्हा उघडलं. भोकं भरली. वऱ्हाड आणि दऱ्या पुन्हा एकमेकांना भेटले. आत्याने पानाच्या वर ठळक अक्षरांत नियम लिहायला लावला आणि सगळी कोडी एकेक करून तपासून घेतली. हानाने घेतली नसेल एवढी कडक तपासणी.

रविवारी हॉल भरला होता. अंतिम फेरीत हिवरा आश्रमाहून आलेल्या एका बँकेतल्या बाईंनी हात वर केला. "बाई, माही हरकत हाय. वऱ्हाड तीन अक्षरी हाय."

मी खुर्चीत खाली सरकले.

"शाळेत तीन," आत्या माइकवर म्हणाली. "इथं चार. वर नियम लिहेल हाय, वाचा."

त्या बाईंनी वाचला, हसल्या आणि पटकन चौथं घर भरलं. त्यांचाच पहिला नंबर आला. टाळ्या थांबेनात. गवई सर माइककडे गेले तेव्हा आत्याने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

"पुढच्या साली बी स्क्रीनवरच," गवई सर म्हणाले, "अन् बाईच चालवतीन. फक्त तोपर्यंत या पोरीले काई दुरुस्त करू देऊ नका."

तेव्हापासून दुरुस्ती मंजूर होण्याआधी मी एक जास्तीचा फोन करते. आत्या ऐकते, दोन प्रश्न विचारते आणि "कर" किंवा "थांब" म्हणते. हानाला हे माहीत आहे. कधीकधी तीच विचारते, "आत्या काय म्हणाल्या?"

माझी ती टेस्ट अजून सामायिक प्रश्नपत्रिकेत आहे. सगळ्या इंजिनांना ती पुन्हा पुन्हा सोडवावी लागते, आणि "बघतो" म्हणणारेही आता पास होतात. जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये वऱ्हाडाला तीनच घरं आहेत. अमडापुरात चार.