आईचे मुक्काम

आमच्या वसाहतीत नवी इमारत उभी राहू लागली तेव्हा सगळ्यात जास्त कटकट मी करायला हवी होती. ती माझ्या खोलीच्या अगदी समोर. सिमेंटची धूळ माझ्या तुळशीवर आणि मिक्सरची घरघर माझ्या दुपारच्या झोपेवर. तरी मी चकार शब्द काढला नाही. माझी जीभ ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं नवल वाटलं. पण मला ती इमारत हवी होती, आणि लवकर हवी होती.

वसाहत सांगली-आष्टा रस्त्याला, चारी बाजूंनी ऊस. फाटकावर मोठं गोड नाव लिहिलेलं आहे, ते कोणी घेत नाही. आसपासचे लोक ‘म्हाताऱ्यांची कॉलनी’ म्हणतात. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीतून सुटल्यावर मी इथे आले. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्यात, आणि त्याच्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये माझा जीव घुसमटतो. इथे बैठ्या खोल्यांच्या दोन ओळी, समोर ओटा, जेवणाची घंटा, संध्याकाळी भजन. अट एकच होती: स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ज्याला ते जमेनासं व्हायचं त्याला घरची माणसं येऊन घेऊन जायची आणि आम्ही बाकीचे ओट्यावर उभे राहून हात हलवायचो. आज त्याची पाळी, उद्या आपली, हे प्रत्येकाला कळत होतं. म्हणून शेवटी ही नवी इमारत निघाली. कठडे लावलेली न्हाणीघरं, उशाशी घंटा, रात्रंदिवस मदतनीस बायका आणि ठरल्या वारी डॉक्टर.

व्यवस्था बघतात ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, कुंडलकडचे ऊसवाले. मी रोज बांधकामापाशी जाऊन उभी राहायची.

“बाई, तुमी काय गवंड्यावर मुकादम लागलाय का?” त्यांनी एकदा विचारलं.

“पगार द्या, लागते,” मी म्हणाले. “पण आधी माझ्या आईची खोली धरून ठेवा.”

आई माण तालुक्यात आमच्या वस्तीवर, धाकट्या भावाकडे होती. आम्ही मेंढपाळ. आता मेंढरं गेली, भावाने डाळिंब लावलं, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पण आईची सगळी हयात कळपामागे चालण्यात गेली. अलीकडे तिला आठवेनासं झालं होतं. ती सकाळी उठून चालायला लागायची आणि कोणाच्या तरी रानात बसलेली सापडायची. भावाचा फोन आला की तो पहिल्यांदा तेच सांगायचा, “आक्का, आई परत गेलती.”

मला ती माझ्यापाशी हवी होती. सांभाळायला म्हणून हवी होती, हे मी लोकांना सांगायचे. खरं कारण जुनं आहे. मला माझी आई कधी पुरेशी मिळालीच नाही.

घरातलं एक तरी पोर शिकावं असं वडिलांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी मला फलटणला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. दिवाळी झाली की आमचा कळप कोकणाकडे निघायचा आणि मृगाच्या तोंडावर परतायचा. जाताना-येताना वाट फलटणच्या शिवेवरून. निरोप आला की वसतिगृहाच्या बाई मला रस्त्यापर्यंत सोडायच्या. आधी घुंगरांचा आवाज, मग धुळीचा लोट, मग मेंढरं, मग पाठीवर अख्खं बिऱ्हाड घेतलेली घोडी, आणि घोडीच्या मागे आई. ती मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवायची आणि माझे केस विंचरायला घ्यायची. दोन वेण्यांतली एक होईपर्यंत कळप पुढच्या वळणावर गेलेला असायचा.

“थांब की गं आये. दुसरी पण घाल.”

“मेंढरं थांबत न्हाईत, बाय,” असं म्हणून ती उठायची. लुगड्याचा ओचा खोचायची आणि जी चालायला लागायची ती मागे वळून बघायची नाही. एकदाही नाही. अर्धं डोकं विंचरलेलं, अर्धं मोकळं, अशी मी वसतिगृहावर परत यायची. मुली हसायच्या. दुसरी वेणी बाई घालायच्या, घट्ट आणि रागाने. मी मनात म्हणायची, या बाईला कोकरू मागे राहिलं तर ती रान पालथं घालते, मग मी कोण?

हे कडू मी पुढे सगळं आयुष्य जपलं. नोकरीला लागले, लग्न झालं, माझं पोर झालं. आई बाळंतपणाला आली आणि बारसं उरकताच गेली, कारण कळप निघाला होता. मी रागाने बोलायची, ती ऐकून घ्यायची. आमच्यात भांडणसुद्धा धड पूर्ण झालं नाही.

इमारत झाली. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात भावाने आईला गाडीतून आणून सोडलं. हातात एक गठुडं: दोन लुगडी, घोंगडी, पितळी तांब्या. मी पुढे होऊन तिचा हात धरला. तिने माझ्याकडे बघितलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि अदबीने म्हणाली, “बरं हाय का वं, बाई?”

मी तिला वसतिगृहाची बाई वाटत होते. मला हसू यायला हवं होतं. मी खोलीत जाऊन रडले.

पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका सकाळी मदतनीस बाई तक्रार घेऊन आली. आजीने खोलीच्या कोपऱ्यात लघवी केली. पुसून काढलं, पण दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. सुभेदारांनी हळूच मला सांगितलं की आजींना रात्रीचं डायपर लावावं लागेल. मी मान डोलावली. आईला ते बांधताना ती छताकडे बघत राहिली, ते मला अजून दिसतं.

तरीही कोपरा ओला व्हायचाच. म्हणून एकदा मी पहाटे तिच्या खोलीत जाऊन बसले. उजाडायच्या सुमारास आई उठली. अंथरूण गुंडाळलं, लुगडी घडी केली, घोंगडीत सगळं घालून गाठ मारली. मग तिने तांब्या घेतला, कोपऱ्यात वाकून सगळं पाणी ओतलं, हात जोडले आणि दाराकडे निघाली.

ती चूल विझवत होती. आमच्या घरची रीत आहे ती: तळ हलवताना चुलीवर तांब्याभर पाणी ओतायचं, त्या जागेला हात जोडायचे आणि मागे न बघता निघायचं. वळून बघितलं तर जागा पाय ओढते, म्हणतात. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची ती दोन-तीन रात्री, खत पडलं की पुढचं रान. आईच्या हिशेबाने या रानातला मुक्काम झाला होता. आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी तिला डायपर बांधलं होतं. मी ते सोडून फेकून दिलं आणि सुभेदारांना अशी काही सुनावली की फौजेतसुद्धा त्यांना कोणी सुनावली नसेल. खरं तर ती मलाच सुनावायला हवी होती. मी तिची मुलगी. मला ओळखता यायला हवं होतं.

सुभेदार माणूस मोठा. ते म्हणाले, “मग शिफ्ट करत जाऊ की त्यास्नी. खोल्या रिकाम्याच हायत.”

आणि खरंच, ते दिवस फार सुखाचे गेले. दोन-तीन दिवस झाले की आई गठुडं बांधायची, कोपऱ्यात पाणी ओतायची, आणि मी तिला शेजारच्या नाहीतर वरच्या मजल्यावरच्या खोलीत न्यायची. नव्या खोलीत शिरताच ती जमीन चाचपून बघायची, खिडकीतून उसाकडे नजर टाकायची. “चारा बरा हाय हितला,” म्हणायची, आणि लेकराच्या झोपेने झोपायची. वसाहतीतल्या लोकांना खोली बदलायची म्हटलं की धडकी भरते. आमच्या ओळीतल्या एका आजोबांनी खिडकीची बाजू बदलली म्हणून जेवण सोडलं होतं. माझी आई तेवढी प्रत्येक नव्या खोलीत खुलायची. मी तिच्या मागून घोंगडी घेऊन चालायची. वयाच्या या टप्प्यावर का होईना, कळपामागे चालायला मिळालं.

पण इमारत रिकामी ठेवायला बांधली नव्हती. माणसं येऊ लागली. कोणाला पॅरालिसिस झालेला, कोणाची मुलं परदेशात, कोणी दोघंच नवरा-बायको. इतके दिवस ज्यांना आम्ही निरोपाचे हात हलवायचो, त्यांना आता आत घेता येत होतं. चांगलीच गोष्ट होती. सगळे आनंदात होते, आणि मी मात्र फाटकातून गाडी आत आली की दातओठ खायची. प्रत्येक नवा माणूस माझ्या आईचं एक रान नांगरून टाकत होता.

शेवटची रिकामी खोली गेली त्या दिवशी सुभेदार ओट्यावर येऊन बसले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

“बाई, आता जागा न्हाई. आजी एकाच खोलीत ऱ्हायल्या पायजेत. फाटकातून रस्त्यावर गेल्या तर ऊसगाड्या काय थांबत्यात व्हय? न्हाई जमलं तर वरच्या दाराआड ठिवावं लागंल. माजा नाइलाज हाय.”

वरच्या मजल्याच्या टोकाला चार खोल्या आहेत, त्यांचं दार बाहेरून कुलपाने लागतं. भान गेलेल्यांसाठी. स्वच्छ आहेत, खिडक्यांना जाळ्या आहेत, टीव्हीसुद्धा आहे. पण त्या दाराआड माझी आई, जिला आयुष्यभर दारच नव्हतं? तसं झालं तर ती महिनाही काढणार नाही, हे मला कळत होतं. सुभेदारांनाही कळत होतं, म्हणून तर चहा नको होता.

पुन्हा गठुडं बांधायची सकाळ आली तेव्हा मी तिच्यापाशीच होते. आईने अंथरूण गुंडाळलं, गठुडं बांधलं, कोपऱ्यात तांब्या रिकामा केला. हात जोडले. मी दारात आडवी उभी राहिले.

“आये, आज हितंच ऱ्हाऊ.”

“न्हाई बाई, जायाला पायजे. लय दिस झालं.”

“कुठं जायचंय एवढं?”

“फलटणला,” ती म्हणाली. “वाटंत थांबायचं हाय. माजी पोरगी हाय तितं, तुमच्यागत एका बाईपाशी. तिची अर्धीच येणी घातली मी. मेंढरं म्होरं गेली. ती तशीच हुबी आसंल बगा रस्त्याला.”

मी इतके दिवस समजत होते की ती माझ्यापासून निघून चालली आहे, नेहमीसारखीच. आणि ती खोलीमागून खोली, मुक्कामामागून मुक्काम, फलटण जवळ करत होती.

मी दारातून आत आले. आकडा काढला, केस मोकळे सोडले, आणि तिच्या पलंगापाशी खाली फरशीवर तिच्याकडे पाठ करून बसले. गुडघे कुरकुरले. माझे केस आता मूठभरही नाहीत, आहेत तेही पांढरे.

मग गठुडं खाली ठेवल्याचा आवाज आला. तिची बोटं माझ्या डोक्यात शिरली. भांग काढायची पद्धत तीच, अंगठ्याच्या नखाने सरळ रेघ. कानामागचे केस ओढले तेव्हा दुखलं. मी मान ताठ धरली.

“किती गुता केलाय गं, बाय,” आई म्हणाली.

बाई नाही म्हणाली. बाय म्हणाली.

तिने एक वेणी घातली. मग दुसरी बाजू हातात घेतली. बाहेर जेवणघरात भांडी वाजू लागली, एक ऊसगाडी गाणं लावून रस्त्याने गेली. आईचे हात थांबले नाहीत. दोन्ही वेण्या झाल्यावर तिने त्या पुढे आणून माझ्या खांद्यांवर ठेवल्या आणि थकून पलंगावर आडवी झाली. गठुडं तिथेच राहिलं. मदतनीस चहा घेऊन आली तेव्हा मला त्या अवतारात बघून तिने तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, हस बाई, पोटभर हस.

आता माझा पलंग आईच्या खोलीत आहे. माझी बैठी खोली मी सोडली, तिथे नव्याने आलेले ते दोघं नवरा-बायको राहतात. माझी तुळसही त्यांनाच देऊन टाकली. कुलपाचं नाव सुभेदारांनी पुन्हा काढलं नाही. आई सुधारली वगैरे काही नाही. बहुतेक दिवस मी बाईच असते, आणि दोन-तीन दिवसांनी कोपरा ओला होतोच. मी तिथे एक फडकंच ठेवून दिलं आहे. गठुडं बांधून ती दारापाशी येते. मी खाली बसते, केस मोकळे सोडते आणि पाठ करून म्हणते, “थांब की गं आये. येणी घाल.”

ती थांबते.