किरिस्तावाने घातलेलं गाऱ्हाणं

सुभेदार आग्नेल डान्टस यांना पेन्शनीत निघून पंधरा वर्षं होऊन गेली, तरी खैरवणे गावात त्यांना कुणी आग्नेल म्हणत नाही. सगळे 'साहेब' म्हणतात. बायको इनासिया चिडली की 'सुभेदार' म्हणते, आणि ती बऱ्याचदा चिडते, कारण माणूस तसा हेकट. काजूची कलमं त्यांनी दोरी धरून रांगेत लावली. एखादं कलम वाकडं वाढलं तर त्याच्यासमोर उभं राहून त्याला झापायचे. चॅपेलातली रविवारची मीस चुकवायची नाही, चपलेला चिखल चालायचा नाही, आणि दिलेली वेळ टाळून येणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळायचा नाही.

गावात त्यांचं नाव मात्र झालं होतं ते भलत्याच गोष्टीसाठी. साहेब गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, घालतो तेच. नारळ हातात धरून देवाला हाक मारायची, माणसांचं सगळं सुखदुःख त्याच्या कानावर घालायचं, आणि दर वाक्यामागे जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. ते काम गावकराच्या मानाचं. किरिस्तावाने गाऱ्हाणं घालायचं म्हणजे ऐकणाऱ्याला हसू येणार. पण ते कुठे सुरू झालं हे कळल्याशिवाय हसू नये.

ते सुरू झालं काश्मीरातल्या एका चौकीवर. साहेब तेव्हा नायब सुभेदार होते. पलटणीत पोरं बहुतेक कोकणातली आणि घाटावरची, जास्त करून मराठा, मध्ये थोडी इतर. पोरांचा जो देव तोच साहेबाचा देव, हा पलटणीचा जुना रिवाज. मंदिर परेडला डान्टस साहेब बूट काढून सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे, कपाळाला टिळा लावून घ्यायचे आणि आरतीला टाळ्या वाजवायचे. त्यात आपण फार मोठं काही करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. गावच्या चॅपेलात त्यांची आई फातिमा सायबिणीपुढे मेणबत्ती लावायची, ती इथल्या टिळ्याने काही विझत नव्हती.

त्या हिवाळ्यात चौकीवरचे दोन जवान गस्तीवर असताना गोळी लागून गेले. वाट बर्फाने बंद, पलटणीचे पंडितजी खाली मुख्यालयात अडकलेले. पुढची गस्त निघायची होती आणि पोरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तेव्हा बाबली परब त्यांच्याकडे आला. बाबली साधा शिपाई, पण खैरवण्याचाच, वरच्या वाडीतला.

"साहेब, गावात असतो तर गाऱ्हाणा घातला असता. तुमी घाला."

"रे, मी किरिस्ताव."

"मालवणी येता मां तुमका? मगे झाला. देवाक हिंदी खंय कळता."

नारळ नव्हता, म्हणून साहेबांनी दुधाचा डबा हातात धरला. प्रत्येकाने आपापल्या गावचा देव सांगितला. कुणाचा रवळनाथ, कुणाचा वेतोबा, मसुऱ्याकडच्या एकाची भराडी, घाटावरच्यांचा ज्योतिबा. कणकवलीकडच्या बौद्धवाडीतला गंगाराम जाधव तेवढा गप्प उभा होता. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "माका देव नको साहेब. आमच्यात तो नसा. माझ्या आवशीचा नाव घेवा. तुळसा." साहेबांनी देवांच्या रांगेत गंगारामच्या आईला, तुळसाला बसवलं, शेवटी सायबिणीला बसवलं, आणि खडा आवाज लावला, "बा म्हाराजांनो, ही पोरा आज भायर पडतत. जशी जातत तशी मागे येवंदेत. कोणाच्या आवशीच्या दारात वायट खबर जाव नये असा करा, रे म्हाराजा." आणि त्या बर्फात पोरं ओरडली, "होय म्हाराजा."

गस्त धडधाकट परत आली. देवाने आणली की नशिबाने, यावर साहेबांनी कधी वाद घातला नाही. पण त्यानंतर कुणीही बाहेर पडायचं म्हटलं की पोरं दुधाचा डबा घेऊन साहेबांपुढे उभी राहायची. तुळसाचं नाव घेताना मराठ्यांची पोरं सगळ्यांत मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणायची, हे साहेब पुढे कौतुकाने सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि बाबलीने मिळून गावात माजी सैनिकांची संघटना उभी केली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात साहेब सैनिकांचं गाऱ्हाणं घालायचे, त्याच सगळ्या नावांसकट. पहिल्या वर्षी माणसं थोडी बिचकली. दुसऱ्या वर्षापासून खुद्द देवळातला गावकर पुढच्या ओळीत उभा राहून साथ द्यायला लागला. इतकी वर्षं कुणाचा धर्म बुडाला नाही की कुणाची जात बाटली नाही.

मग ओमकार पालव निवृत्त होऊन गावात आला. हवालदार क्लार्क होता, बोलायला गोड आणि कामाला वाघ. आल्या आल्या त्याने संघटना ताब्यात घेतली, पक्षाची माणसं जोडली आणि गावात शहीद स्तंभ मंजूर करून आणला. कामाचा माणूस होता हे साहेबसुद्धा कबूल करायचे. त्याच दिवसांत टीव्हीवर सैन्यात धर्म कुठपर्यंत असावा याच्यावर रोज भांडणं चालली होती. सूट घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावत होती. त्यांतल्या कितीजणांनी मंदिर परेडला बूट काढले असतील हे देव जाणे. ओमकारने साहेबांचा एक जुना फोटो मागून नेला, कपाळाला टिळा आणि हातात आरतीचं ताट असलेला, आणि खाली 'हीच खरी एकता' असं लिहून सगळ्या ग्रुपांवर टाकला. कुडाळपासून मुंबईपर्यंत तो फिरला. साहेबांना दिवसभर फोन आले. इनासिया म्हणाली, "आता तुमका देवळात बसवतले वाटता." साहेब हसले, पण मनातून सुखावले होते.

स्तंभाच्या उद्घाटनाआधी संघटनेची बैठक शाळेत झाली. ओमकारने कार्यक्रम वाचून दाखवला, आणि गाऱ्हाण्यापाशी येऊन थांबला.

"साहेब, मान तुमचोच. स्टेजवर पयली खुर्ची तुमची. पण गाऱ्हाणा ह्या वर्षी गावकर घालतीत. मोठी माणसा येतली. लोक विचारतले."

"काय विचारतले?"

"आमच्या देवांचा गाऱ्हाणा किरिस्तावान कित्याक घालूचा म्हणान."

साहेबांनी विचारलं, "आणि माझो फोटो कित्याक फिरवलंस?"

"ता वेगळा, साहेब. थंय तुमी आमच्या देवाक नमस्कार करतास. हय तुमी देवाक सांगतास. फरक आसा." ओमकार जराही चिडला नव्हता, समजावणीच्या सुरात बोलत होता. "आणि खरा सांगू? पलटण लढता कशार? नावार, घोषणेर, आपल्या देवार. ओळख पुसली तर शिपाय मरतलो कोणासाठी?"

"घोषणा मी पण दिलंय रे. माझो पण गळो फुटलो. पण घोषणा देवच्या आदी कोणी माका वाडी विचारूक नाय."

"थंय वर्दी होती साहेब. हय गाव आसा."

त्यातला अर्धा भाग खरा होता, हेच तर दुखणं होतं. आणि विरोध एकाच बाजूने नव्हता. चॅपेलच्या कमिटीतला अ‍ॅलन आदल्याच रविवारी मीस सुटल्यावर साहेबांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "अंकल, तुमी त्यांच्या देवांची नावा घेतास, ता पाद्रीक बरा दिसना नाय. आता तरी सोडा." देवळाला साहेब नको होते आणि चॅपेललाही नको होते. दोघांनाही ते आपापल्या कुंपणात बांधलेले हवे होते.

साहेबांनी बाबलीकडे पाहिलं. चौकीवर डबा ज्याने त्यांच्या हातात दिला तो हा बाबली. त्याने नुसतं एवढं म्हटलं असतं, की मी त्या गाऱ्हाण्याने परत आलो, तर ओमकारचं तोंड बंद झालं असतं. पण बाबलीची सून नम्रता ओमकारच्या पॅनेलमधून सरपंचपदाला उभी होती. बाबली छताच्या पंख्याकडे बघत बसला. पंखा बंद होता. ठराव मंजूर झाला, आणि सगळ्यांनी वडा खाल्ला.

उद्घाटनाला साहेब गेले. इनासिया नको म्हणत होती, पण न जाणं म्हणजे पळ काढणं, असं त्यांचं मत. पदकं लावून ते पहिल्या खुर्चीत ताठ बसले. ओमकारने माईकवर ओळख करून दिली, "आणि आज आपल्यासोबत आहेत आपले ख्रिस्ती बांधव, सुभेदार आग्नेल डान्टस." टाळ्यांचा कडकडाट झाला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना पोरांनी शिव्या दिल्या असतील, पाठीमागे नावं ठेवली असतील, पण बांधव कुणी म्हटलं नव्हतं. घरातल्या माणसाला कुणी बांधव म्हणत नाही. तो शब्द पाहुण्यासाठी असतो हे त्यांना भर मंडपात, टाळ्या चालू असताना कळलं, आणि जीव जळला.

गावकराने गाऱ्हाणं बरं घातलं. देवांची नावं मानाप्रमाणे आली. तुळसा नव्हती आणि सायबीणही नव्हती. लोक 'होय म्हाराजा' म्हणत होते. साहेब ओठ आवळून बसले होते.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या वेळी बाबली आला. पुढच्या अंगणातून नाही, मागच्या दाराने, माडांतून. हातातल्या पिशवीत नारळ होता.

"साहेब, चंदन भरती झालो. अग्निवीर. आयतवारी कुडाळसून गाडयेत बसता." चंदन म्हणजे बाबलीचा नातू, नम्रताचा थोरला.

"बरा झाला."

"वायच गाऱ्हाणा घालूक होया होता."

"गावकर आसा मां?"

"तेचा ता तसला. माका तुमचा होया. साहेब, मी कसो परत इलंय ता तुमका ठावक आसा."

एवढंच ऐकायला ते त्या बैठकीत थांबले होते. त्यांनी नारळ हातात घेतला. मग म्हणाले, "घालतंय. पण हय नाय. उद्या सकाळी स्तंभाकडे. चंदनाक घेवन ये, नम्रताक घेवन ये. आणि तू मोठ्यान होय म्हाराजा म्हण, सगळ्या गावाक आयकाक जायत असा."

बाबली खाली बघायला लागला. "साहेब, इलेक्शन आसा. हयच मागल्या दारी घाला मां. हळू म्हणतंय मी. देवाक काय फरक पडता?"

"देवाक नाय पडत," साहेब म्हणाले, आणि नारळ त्याच्या पिशवीत परत टाकला.

"माका काय ती शिक्षा करा, साहेब. पोरान काय केल्यान?" बाबलीने विचारलं. साहेबांनी मागच्या दाराकडे पाठ फिरवली. मग तो आला तसा माडांतून निघून गेला.

इनासियाने आतून सगळं ऐकलं होतं. "तेच्यार राग आसा तर तेच्यार काडा. ता पोर भायर पडता, सुभेदार."

"तेंच्या वाडयेचो पोर तो. तेंचो गावकर घालीत गाऱ्हाणा."

बोलून गेल्यावर साहेबांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. तेंची वाडी, तेंचो गावकर. हे शब्द त्यांनी पलटणीत कधी तोंडातून काढले नव्हते, कुणी काढले तर त्याला रात्रभर पाठीवर पिठ्ठू बांधून पळवला असता. इनासिया चुलीकडे वळली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी चंदन गेला. साहेब मीसला गेले, तिथून येऊन काजूत गेले आणि एका कलमाच्या बुंध्याशी बसून राहिले. कुडाळची गाडी सुटायची वेळ त्यांना माहीत होती, आणि बाबलीच्या घरापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नव्हता. ते उठले नाहीत. एवढ्या वर्षांत बाहेर पडणाऱ्या एकाही पोराला सुभेदार डान्टस यांनी गाऱ्हाण्यावाचून पाठवलं नव्हतं. तसा पहिला पोर त्यांनी पाठवला तो आपल्याच गावचा, स्वतःच्या दारातून आणि पुऱ्या शुद्धीत, आणि त्यासाठी ओमकारला बोटसुद्धा उचलावं लागलं नाही.