जेठांचे जोडे

श्रीमती बेबाबाई यांची व माझी ओळख चोपड्याच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. उतारवयात आम्ही दोघी एका सतरंजीवर बसून अक्षरे शिकलो. त्या विधवा असून थोरल्या दिरांच्या, म्हणजे जेठांच्या घरी राहत. जेठांसमोर त्या पदर हनुवटीपर्यंत ओढीत, त्यांच्याशी बोलत नसत व त्यांचे नावही उच्चारीत नसत. जुन्या घरांतून तशी रीत होती.

सन १९९१ साली आमच्या वर्गाची सहल मुंबईच्या एका मोठ्या कलासंग्रहालयात गेली. घरची बाई एकटी पाठवायची नाही, म्हणून जेठ चुडामण आबा सोबत आले. त्यांना साखरेचा आजार होता. गोळी घेऊन वेळेवर खाल्ले नाही, तर त्यांना घेरी येई. त्यांची भाकरी व गूळ बेबाबाईंच्या पिशवीत होता.

आत आबा पुढे व बेबाबाई मागे चालत होत्या. मोठमोठ्या मूर्ती व तसबिरी होत्या. परंतु पदराखालून बेबाबाईंना फक्त दगडी चौथरे आणि आबांचे टायरचा तुकडा ठोकलेले जोडे दिसत होते.

मी म्हणाले, "पायच पाहायला आलीस का गं मुंबईला? जरा वर पाहा."

एका दगडी देवीजवळ आबा थोडे पुढे गेले. बेबाबाईंनी पदर वर करून त्या मूर्तीचे तोंड पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. पदर पुन्हा खाली ओढला तेव्हा समोर जोडे नव्हते.

आबांना शोधत आम्ही सर्व दालने फिरलो. जेवणाची वेळ टळून गेली होती. बेबाबाईंनी भाकरीची पिशवी उराशी धरली.

"मनी नजर वर गई, अक्का. म्हनीसन हाई व्हयनं," त्या मला म्हणाल्या.

शेवटी आम्ही दारावरच्या पहारेकऱ्याला गाठले. त्याने बेबाबाईंनाच विचारले, "नाव काय त्यांचं? दिसतात कसे?"

बेबाबाईंनी पदर आणखी खाली ओढला. नाव मी सांगितले.

"तोंडावर काही खूण?"

"माले माहीत नही," बेबाबाई म्हणाल्या.

"एका घरात राहता ना, बाई?"

"ऱ्हास. पन त्यास्नं तोंड मी देखेल नही."

तो हसला. मी पांढरी टोपी, धोतर व मिशा सांगितल्या. "अशा म्हाताऱ्यांची अख्खी बस आली आहे आज," असे म्हणून त्याने तसल्याच दोन म्हाताऱ्यांना आणून उभे केले. बेबाबाईंनी त्यांचे पाय पाहून नकारार्थी मान हलवली. इतक्यात बंद होण्याची घंटा वाजली.

"चला बाहेर. आत आता कोणी नाही," पहारेकरी म्हणाला.

बेबाबाई बाहेर गेल्या नाहीत. त्या वळल्या आणि नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहत दालनातून परत चालू लागल्या. आम्ही मागे धावलो. एका दगडी हत्तीच्या चौथऱ्यामागून दोन जोडे बाहेर आलेले होते. त्यांना टायरचा तुकडा होता.

आबा भिंतीशी कलंडले होते. अंग घामाने भिजले होते व बोलणे अडखळत होते. बेबाबाईंनी पाठ फिरवली आणि गुळाचा खडा मागे माझ्या हातात दिला. "तू दे, अक्का. लवकर दे."

मी तो त्यांच्या तोंडात घातला. बऱ्याच वेळाने आबांनी डोळे उघडले व विचारले, "ती जेवनी का?"

बेबाबाई पाठमोऱ्याच रडू लागल्या.

माझा मुलगा रुपचंद लग्नकार्यात फोटो काढीत असे. परत आल्यावर वर्गात पाटी पुसता पुसता बेबाबाई मला म्हणाल्या, "फोटोपुढे पदर लागत नही, अक्का. रुपचंदले त्यास्ना एक फोटो काढाले सांग."