हळकुंड ऐकणारे नाना

नाना हळद बघत नसत, ऐकत. वसमतच्या बाजारात हळद पारखायचं काम त्यांचं; शेतकऱ्याने पोतं उघडलं की ते एक हळकुंड उचलत, कानाशी नेत आणि मोडत. मग सगळा बाजार आपल्यासाठीच थांबलाय अशा थाटात डोळे मिटून निकाल देत. "वाजली! तोला." नाहीतर, "ओली हाय. अजून चार दिवस ऊन दाखवा." यावर अडत्याचं चालत नसे आणि शेतकऱ्याचंही. समोरच्या माझ्या बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, दुकानातून मी हे नाटक रोज फुकट बघायचो.

दुसरं नाटक दुपारच्या जेवणानंतर. पोत्यांच्या थप्पीला टेकले की नाना घोरू लागत. पत्रे थरथरत असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण चिमण्या उठून जात, हे मी स्वतः पाहिलंय. मध्येच घोरणं बंद. श्वासही बंद. हमाल जागच्या जागी थिजत. आणि मग, बुडालेला माणूस पाण्यातून वर यावा तसे नाना प्रचंड आवाज करून श्वास घेत. आम्ही टाळ्या वाजवायचो. मी तर हुबेहूब नक्कल करायचो, तिच्यावर किती चहा उकळले असतील! नानाही हसत. नानी हसत नसे. "तुमची गंमत व्हते," ती एकदा म्हणाली, "माझा जीव जातो रे."

पुढे नाना हळकुंड दोनदा मोडू लागले. मग तीनदा. नानीनं हट्टानं नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, प्राणवायू कमी पडतो; कानही बहुधा त्यानेच अधू होत चाललाय. मास्क लावून झोपायचं यंत्र घ्या.

नाना बाजारात येऊन म्हणाले, "बैलालासुद्धा मुस्कं कामाच्या वक्ताला घालतेत. मी झोपताना काहून घालू?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

त्याच हंगामात सेनगावकडचा सखाराम हळद घेऊन आला. नानांनी हळकुंड मोडलं. तो खणखणीत आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू आला.

"ओली हाय," नाना म्हणाले.

"नाना, चांगली वाळली की!"

"कान माझा हाय का तुझा?"

नानांच्या शब्दापुढे कोण बोलणार? मीही बोललो नाही. सखारामनं हळद परत नेऊन खळ्यावर पसरली. तिसऱ्या दिवशी अवकाळी कोसळला.

आठ दिवसांनी तो आला आणि एक काळपट हळकुंड त्यानं नानांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचा शब्द मोडला न्हाई, नाना." एवढंच बोलला आणि गेला. नाना बराच वेळ ते हळकुंड दाबून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"त्या दिशी तुला ऐकू आलतं?"

मी मान डोलावली.

"मग बोलला काहून न्हाईस?"

त्यानंतर नाना बाजारात आले नाहीत.

आता ते मास्क लावून झोपतात. घोरणं गेलं, पण कान परतला नाही. कानात यंत्र घातलंय, त्यात गलका ऐकू येतो, हळकुंड नाही. मी कधीमधी जातो. नक्कल कोणी करायला सांगत नाही, सांगितली तरी जमायची नाही. नाना ओसरीवर टोपलं घेऊन बसलेले असतात. मी बसलो की एक हळकुंड माझ्या कानाशी धरून मोडतात.

"वाजलं?"

"वाजलं, नाना!" मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो.

ते माझ्या ओठांकडे बघत राहतात. मग टोपल्यातलं दुसरं उचलतात.