मामांच्या भिंतीला ताप

जगात निर्दोष अशी एकही वस्तू नाही, यावर माझ्या साडूंइतका मनापासून विश्वास असलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. नागापूरच्या एमआयडीसीत ते एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन यंत्रांमागे हिंडणं हे त्यांचं काम. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते त्या कॅमेऱ्यात रंगीत होऊन दिसतं. सैल जोड तापून लाल दिसतो, भिंतीतली ओल निळी दिसते. यंत्र बिघडलं की साडू 'बिघडलंय' म्हणत नाहीत, 'त्याला ताप आहे' म्हणतात, आणि तेही अशा काळजीने, की ऐकणाऱ्याने संत्री घेऊन भेटायला जावं.

कारखान्याचा कॅमेरा घरी आणता येत नाही, म्हणून त्यांनी मोबाईलला जोडायचा एक छोटा कॅमेरा स्वतः विकत घेतला आणि आम्हा नातेवाइकांचे दिवस भरले. एका वास्तुशांतीला तीर्थप्रसाद घेण्याआधीच त्यांनी देवघरामागची भिंत तपासली आणि "आत पाइप झिरपतोय," असं गुरुजींच्या देखत जाहीर केलं. पाइप खरंच झिरपत होता, पण त्या घरून पुन्हा आमंत्रण आलं नाही. नळाचं काही निघालं की फोन मात्र येतो. चकचकीत स्टीलवर हा कॅमेरा फसतो, त्याला त्यात बघणाऱ्याच्याच अंगाची ऊब दिसते. म्हणून साडू घरातल्या भांड्यांना काळी चिकटपट्टी लावून ठेवतात. "लोकांच्या भांड्यांवर नावं असतात, आमच्या भांड्यांवर पट्ट्या," असं माझी मेहुणी ज्याला त्याला सांगते. "अहो, जरा गोड बोलायला शिका," हेही ती त्यांना सांगून थकली. "दोष लपवला की वाढतो," एवढंच त्यांचं उत्तर.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे जावई सहकुटुंब सासुरवाडीला, मिरजगावला गेलो होतो. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची, सगळी हयात गवंडीकामात गेली. आता वय झालं, तरी घराच्या दर्शनी भिंतीला दगडी टाइल त्यांनी नुकत्याच स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या, आणि त्या भिंतीखाली खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कौतुक वसूल करत. सकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं. साडूंनी सवयीने कॅमेरा रोखला. मामांच्या डोक्याच्या बरोबर वर दोन टाइल बाकीच्यांपेक्षा लालभडक दिसत होत्या. त्यांनी मला हळूच समजावलं, की मागे मसाला नीट भरलेला नसला तर मधल्या हवेमुळे उन्हाची ऊब भिंतीत जात नाही, टाइलमध्येच साठते. अशी टाइल कधी ना कधी सुटते. मग नेहमीप्रमाणे ते सरळ बोलून मोकळे झाले, "मामा, खुर्ची हलवा. वरच्या दोन टाइलना ताप आहे. पडतील."

मामा ताडकन उठले. "माझ्या हातची टाइल पडंल? ते मशीन मला शिकिवनार व्हय? पाव्हनं, टाइल कानानं बघायची असती!" त्यांनी थापी आणली आणि तिच्या दांड्याने एकेक टाइल ठोकत निघाले. टाइल टकटक भरीव वाजत होत्या. मग स्टुलावर चढून त्यांनी त्या दोन ठोकल्या. रिकाम्या डब्यासारखा ढबढब आवाज आला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सासूबाईंनी मान खाली घातली. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ऐका की! समद्या एकसारख्या वाजत्यात का न्हाई?"

मामांना कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. टाइल बसवतानाही त्यांनी अशीच ठोकून पाहिली असणार आणि समाधानाने पुढे सरकले असणार. आता साडू तोंड उघडणार, हे मी गृहीतच धरलं. साडूंनी कॅमेरा उलटसुलट केला, काचेवर फुंकर मारली आणि म्हणाले, "चुकलंच माझं, मामा. उन्हानं कॅमेराच तापलाय."

माझ्या माहितीतलं हे त्यांचं पहिलं खोटं.

"म्या म्हनलं न्हवं!" मामा खूश झाले. पण टाइल तशाच ठेवून निघणाऱ्यांतले साडू नव्हेत. "एवढी झकास भिंत, आणि बांधणाऱ्याचं नाव नको? तुमच्या खुर्चीच्या वर नावाचा दगड बसवू," ते म्हणाले. मामा चक्क लाजले. 'झाडाखाली वारं लागतं' असं सांगून सासूबाईंनी तोवर खुर्ची लिंबाखाली नेली.

पुढच्या खेपेला साडू नाव कोरलेला दगड घेऊनच आले आणि स्वतः शिडीवर चढले. छिन्नी लागली न लागली तोच पहिली टाइल अलगद हातात आली. मामांकडे पाठ करून त्यांनी ती पोत्यात टाकली, दुसरीही टाकली. खाली मामा मसाला कालवत हुकूम सोडत होते, "भरून मारा पाव्हनं! मागं पोकळी ऱ्हाता कामा न्हाई!" दगड बसला. साडूंनी तो ठोकला आणि वरूनच विचारलं, "मामा, कसा वाजतोय?"

मामांनी मान तिरकी करून ऐकलं. "भरीव," ते म्हणाले. आणि तो खरंच भरीव वाजत होता.

तेव्हापासून मिरजगावला पाऊल टाकलं की साडू मोठमोठ्याने बोलतात. "कारखान्यात राहून आवाज चढलाय," हे त्यांचं दुसरं खोटं. मध्यंतरी मामा माझ्याजवळ तक्रार करत होते, "धाकलं पाव्हनं लई वरडतं. पन त्याचं समदं कळतं बगा. तुमी बाकीची का पुटपुटता?"

परवा गेलो तेव्हा मी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक अंगणातूनच दिली, "मामा!" त्या नावाच्या दगडाखाली बसलेला म्हातारा पहिल्या हाकेला उठला आणि हसत पुढे आला.