कलमाच्या छिलक्यांवरचा चहा

बहात्तरच्या दुष्काळात मी धारूरला नवी सून होते आणि स्वतःला लई हुशार समजत होते. सातवी पास ना! सासरे, म्हणजे अब्बा, खुशनवीस, सुंदर अक्षरं लिहिणारे. मशिदीच्या कमानीवर, कबरीच्या दगडावर कोरायची अक्षरं आधी त्यांच्या बोरूच्या कलमातून कागदावर उतरायची. कलम तासताना पडलेला एकेक छिलका ते पत्र्याच्या डब्यात टाकत. ‘याला हात लावू नको, बेटी,’ एवढंच मला सांगितलेलं. का, ते महाराणीनं विचारलं नाही. म्हाताऱ्याची खोड, म्हणून मोकळी!

एक दिवस सोसायटीचे चेअरमन आले. नवा बोर्ड रंगवायचा होता.

“चाचा, तुमच्यासारखा हात तालुक्यात न्हाई.”

महिनोन्‌महिने कोणी काम आणलं नव्हतं. मी हुरळले. चहा तर पाहिजेच. पण घरात काटकी नाही, डोंगर बोडका झालेला. मी डबा चुलीत पालथा केला. काय भुरकन पेटले छिलके!

“सूनबाई, फक्कड!” चेअरमन बशी चाटून म्हणाले. आणि मी लाजले, गाढवीण.

ते गेल्यावर अब्बांनी डबा उघडला. तेव्हा कळलं. खुशनवीस गेला की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्याच्याच छिलक्यांवर तापवायचं, ही त्यांच्या उस्तादांपासूनची रीत. जन्मभराचे छिलके मी एका कपात घातले.

“मारा मला, अब्बा!”

“पाहुण्याला पाणी दिलं असतं तरी चाललं असतं, बेटी.”

बस. एक शिवी नाही. त्याचा राग मला अजून येतो. चार शिव्या दिल्या असत्या, तर मीही चार रडले असते!

बोर्ड शेवटी चेअरमनच्या मेव्हण्यानं रंगवला. अक्षरं दारू प्यायल्यासारखी कललेली. अब्बा मात्र रोज चांगली कलमं उगाच तासत बसायचे. डब्यात छिलके पडावेत म्हणून. मी ओरडायचे, ते हसायचे.

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. डब्यात जेमतेम दोन मुठी. टँकरचं हंडाभर पाणी मी चुलीवर ठेवलं आणि उरलेली कलमंही उचलली.

“अगं, अब्बांची निशाणी हाय ती,” नवरा म्हणाला.

“कोण लिहिणार यांनी? तुमी?”

तेवढ्यात चेअरमन दारात. “सोसायटीतून रॉकेल पाठवू का?”

“रॉकेल नको. दारातून हला, उजेड अडतोय.”

सगळी कलमं घातली, डोळे फुटेस्तोवर फुंकलं. पाणी कोमटच झालं. त्याच पाण्यानं नवऱ्यानं त्यांना आंघोळ घातली.