धोंडिबा पेंटरचा चुकलेला अंदाज

निवडणुकीत कोण येणार हे सांगणारे लोक आमच्या अंबरनाथमध्ये गल्लोगल्ली सापडतात, आणि मला त्यांचा भयंकर राग येतो. टपरीवर दात कोरत उभे राहतील आणि वर ‘लिहून घ्या’ म्हणतील. धोंडिबा पेंटर त्यातला नव्हता. तो आपणहून कधी बोलायचा नाही. पण खोदून विचारलं आणि त्याने नाव घेतलं, की तोच माणूस निवडून यायचा.

मी शशिकांत, रंगाच्या कारखान्यातला रिटायर सुपरवायझर. मी रंगाचे डबे भरायचो, तो भिंती रंगवायचा, तिथून आमची चाळीस वर्षांची मैत्री. मोरिवलीतला हा माणूस पंधराव्या वर्षी ब्रश घेऊन बाहेर पडला. पुढे ब्रश गेला, फ्लेक्स आला. तेव्हा चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला आणि उल्हासनगरला टेकचंद शेठच्या दुकानात बॅनर बनवायला लागला. वाढदिवस, जयंती, दहीहंडी, सगळ्या पक्षांचे लोक तिथेच यायचे. बॅनरवर कोणाचा फोटो वरच्या रांगेत लावायचा आणि कोणाला खाली ‘शुभेच्छुक’मध्ये ढकलायचं हे सांगताना माणूस खोटं बोलत नाही, असं धोंडिबाचं म्हणणं. राज्यात पक्ष फुटले तेव्हा सगळे टीव्हीला डोळे लावून बसले होते, आणि आमच्याकडचे एक ‘भावी आमदार’ दुकानात येऊन हळूच म्हणाले, “पेंटर, तो उजवीकडचा फोटो जरा उडवा.” धोंडिबाने संध्याकाळी मला सांगितलं, “शशी, हा चालला दुसरीकडं.” चौथ्या दिवशी तो गेलाच.

त्याला एकच मुलगी, मनाली. हुशार पोरगी. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात काम शिकली आणि तिथून थेट बांगलादेशात, चितगावच्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला गेली. तिथे बुद्धपौर्णिमेला विहारात प्रणय बरुआ नावाचा मुलगा भेटला. तोही बौद्ध. धोंडिबा खूश, पण त्याच्या बायकोचं, गंगूवहिनींचं, एकच पालुपद, “एवढ्या लांब?” लग्न अंबरनाथला थाटात झालं. नंतर मनालीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. वहिनींनी जुन्या साड्यांची मऊ दुपटी शिवायला घेतली.

दोन हजार चोवीसच्या जुलैत तिकडे कॉलेजची मुलं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली. मनालीचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तिला सहावा संपत आला होता.

“बाबा, इकडं वातावरण गरम आहे. मी एकटीच निघून येऊ का आत्ता? प्रणयला पंधरा ऑगस्टनंतर सुट्टी आहे, तेव्हा तो सोडायला येईल. काय करू?”

धोंडिबाने तिकडच्या पेपरांतले फोटो मोबाइलवर पाहिले. मंत्री, अधिकारी, व्यापारी, सगळे जिथल्या तिथे उभे. कोणाचाच फोटो सरकलेला नाही. तो म्हणाला, “सरकार कुठं जात नाही. पोटुशी बाई एकटी कशाला येते? जावयांबरोबर ये.”

पाच ऑगस्टला सरकार पडलं. विमानं बंद, व्हिसाचं काम बंद. त्या धावपळीत मनालीचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरने प्रवासाला मनाई केली. ऑक्टोबरात मुलगी झाली. आई जवळ नाही, माहेरचं कोणी नाही. वहिनींनी दुपटी घडी करून कपाटात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला माझ्यादेखत बोलल्या, “तुमच्या अंदाजापायी माझी पोर एकटी बाळंत झाली.”

धोंडिबाने उठून उघडं राहिलेलं कपाट लावलं.

नातीचं नाव ओवी. तिकडे ‘व’ नीट म्हणता येत नाही, त्यामुळे सासरचे तिला ‘ओभी’ म्हणतात. यावरून धोंडिबा भलताच चिडायचा. “नाव बिघडवतात पोरीचं,” म्हणायचा. मी म्हणायचो, “मग आण तिला इकडं आणि हाक मार पोटभर.” बोलून गेल्यावर माझीच जीभ चावायचो. आणणार कशी? बाळाचा पासपोर्ट तिकडचा, जावयाचा तिकडचा. व्हिसा मिळेना. अंगावर पिणारं पोर टाकून मनाली एकटी येणार नव्हती. हे दोघं जायचं म्हणाले तर वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, आणि धोंडिबाचा पासपोर्ट जन्मतारखेच्या घोळात अडकला. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर: तिकडे पक्कं सरकार येऊ दे, मग सगळं सुरळीत होईल.

म्हणजे प्रश्न फिरून तोच. कोण येणार?

आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या तेव्हा लोक सवयीने त्याच्याकडे आले. टेकचंद शेठ तर मागेच लागले, “अरे धोंडूभाई, बता ना, इस बार कौन?” धोंडिबा म्हणाला, “शेठ, अपने को नहीं समझता अब.” इकडच्या निवडणुकीवर तो एक अक्षर बोलला नाही. त्याचं सगळं लक्ष चितगावकडे. चौसष्टाव्या वर्षी बंगाली अक्षरं शिकला. मनालीला सांगून ठेवलं, बाजारात जाशील तेव्हा भिंतीवरच्या पोस्टरांचे फोटो पाठव. ती बिचारी भाजी घेता घेता फोटो काढायची. धोंडिबा एक एक पोस्टर मोठं करून वाचायचा, वरच्या रांगेत कोण, खालच्या रांगेत कोण, मागच्या महिन्यात कोण होतं. वहीत लिहायचा. आणि मग त्याच फोटोचा खालचा कोपरा मोठा करायचा. तिथे कधी बाबागाडीचं चाक असायचं, कधी ओवीचं पाऊल. एकदा नुसती चप्पल होती, बोटाएवढी. ती त्याने मला तीनदा दाखवली. मीही तीनदा पाहिली.

“पोस्टर बघतोस की पाय?” मी एकदा चिडवलं.

“पोस्टर पायासाठीच बघतो रे,” तो म्हणाला. मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी चहा न पिताच घरी निघून आलो.

या फेब्रुवारीत तिकडे निवडणूक झाली. धोंडिबाने महिनाभर आधी शेठजवळ आणि माझ्याजवळ जे नाव घेतलं होतं, तेच आले. टेकचंद शेठनी दुकानात मिठाई वाटली. हा अंदाज फक्त आम्हा दोघांनाच माहीत, तरी आम्ही निवडणूक आपणच जिंकल्यासारखा आरडाओरडा केला. धोंडिबा कसनुसा हसला. आता व्हिसा सुरू होणार, अर्जाला तारीख मिळणार, म्हणून रोज फोन बघू लागला. तारीख काही मिळेना. मार्च गेला, एप्रिल गेला.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मनालीचा व्हिडिओ कॉल आला. ओवी आता दीड वर्षाची आहे. काळ्याभोर, टपोऱ्या डोळ्यांची, डिट्टो गंगूवहिनी. मनाली हसत सांगत होती, “बाबा, हिची गंमत ऐका. हिला ‘आजोबा कुठं’ विचारलं की मोबाइल उचलते. बंद असला तरी. काल चार्जिंगला लावलेल्या मोबाइललाच पापी देत होती, ‘आबा, आबा’ करून. हिला वाटतं, तोच आजोबा.”

आम्ही सगळे हसलो. धोंडिबा सगळ्यात मोठ्याने हसला. फोन बंद झाल्यावर तो हातातल्या त्या काळ्या काचेकडे बघत राहिला. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावत होत्या.

मग तो मला म्हणाला, “शशी, तुला काय वाटतं? येतील का रे?”

चाळीस वर्षांत त्याने मला कधी असं विचारलं नव्हतं. माझ्याकडे ना वही, ना पोस्टर. चितगाव नकाशावर कुठे आहे हेसुद्धा मला धड सांगता येणार नाही.

मी म्हणालो, “येतील की. पाऊस उघडला की येतील.”

कशावरून, असं त्याने विचारलं नाही. तो उठला आणि आत वहिनींना सांगायला गेला, “गंगू, ऐकलंस का? शशी म्हणतोय, पाऊस उघडला की येतायत.”